काडतुसाचा हिशेब

बारा बोरचं काडतूस तळहातावर घेतलं की आधी नजरेत भरतं ते त्याचं पितळी बूड. बुडाच्या मधोमध बसवलेली बारीक टोपी, भोवती उमटवलेलं कारखान्याचं नाव, आणि वर प्लॅस्टिकची किंवा जुन्या मालात जाड कागदाची नळी. नळीचं तोंड घड्या घालून आत दुमडलेलं. पेटीवर ७० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं, पण फूटपट्टी लावली तर अख्खं काडतूस त्याहून आखूड भरतं. ती लांबी असते उडालेल्या, तोंड उघडलेल्या नळीची. आता जुन्या घराण्यातली एखादी विलायती बंदूक घ्या. तिचं काडतूस बसायचं घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं असतं. तिच्यात ७० चं काडतूस अलगद बसतं, बंदूक बंदही होते. फक्त उडताना नळीला तोंड पुरतं उघडायला जागा मिळत नाही आणि आतला दाब भलताच चढतो. पाच मिलिमीटरचा हा फरक बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही. काडतूस ही डोळ्यांनी पारखायची वस्तूच नव्हे. ते कुणी भरलं, कशानं भरलं आणि कुठल्या बंदुकीसाठी भरलं, एवढ्यावर सगळा भरवसा.

हे आधीच सांगायचं कारण असं की, रानडुकरांनी भुईमूग उकरला, हरणांनी हरभरा खुडला, की बांधावरच्या बोलण्यात बंदूक येते. आणि बंदूक आली की काडतुसांची महागाई येते. मग कुणीतरी मोबाईलवर पाहिलेली गोष्ट निघते. अमेरिकेत म्हणे लोक घरीच काडतुसं भरतात, छऱ्याऐवजी एकच जड गोळी घालतात, डुक्कर जागेवर आडवं. आपल्याला का जमू नये?

या प्रश्नाला ‘कायदा परवानगी देत नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर देता येतं. ते खरंही आहे. पण ते अपुरं आहे. रात्र रात्र राखण करणाऱ्या माणसाला कायद्याचं कलम दाखवून घरी पाठवलं, तर त्याचा प्रश्न त्याच्याबरोबर घरी जातो.

पाणी आलं, ऊस आला, मागोमाग जनावर आलं

हा प्रश्न जिथल्या बांधांवर निघतो, तो कडेगाव तालुका सांगली जिल्ह्याच्या उत्तरेला. कृष्णेचं हिरवं खोरं पश्चिमेला आणि खानापूर-आटपाडीचा दुष्काळी माळ पूर्वेला, यांच्या मधोमध. कडेगाव गावाचं नाव महाराष्ट्रभर पोचलं ते इथल्या मोहरममुळे. गगनाला भिडणाऱ्या ताबुतांच्या भेटी पाहायला माणसं लांबून येतात, आणि त्या सोहळ्यात हिंदू-मुसलमान दोघांचेही मान ठरलेले आहेत. तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. याच गावाच्या अंगाला सागरेश्वरचा डोंगर आहे.

एके काळी हा डोंगर उघडाबोडका होता. मोहित्यांचे वडगाव इथल्या धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांना आणि वनखात्याला हाताशी धरलं, झाडं लावली, जगवली. बाहेरून हरणं, सांबरं आणून सोडली. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघं १०.८७ चौरस किलोमीटर. माणसानं उभं केलेलं अभयारण्य म्हणून त्याचा लौकिक आहे, आणि तो सार्थ आहे. दुष्काळी मुलखात एक अख्खा डोंगर हिरवा करणं ही लहान गोष्ट नव्हे.

पुढं ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांचं पाणी आलं. टेंभूचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत थेट आटपाडीकडं न्यायचं, अशी ही योजना. जिथं एक शाळू पदरात पडला तरी देव पावला असं वाटायचं, तिथं ऊस उभा राहिला, आल्याचे गादीवाफे आले, द्राक्षं आली. तालुक्यातल्या सोनहिरा खोऱ्याचा चेहरामोहरा बदलला. हे पाणी इथल्या लोकांनी मोर्चे काढून, आंदोलनं करून मिळवलेलं आहे, त्यामुळे त्याचं मोल इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

पण उभ्या उसात वर्षभर सावली असते, पाणी असतं, लपायला जागा असते. रानडुकराला याहून चांगलं घर कुठलं? दिवसा ऊस, रात्री शेजारचा भुईमूग आणि मका. अभयारण्याला जाळीचं कुंपण आहे खरं, पण उन्हाळ्यात आत चारा आटला, कुठं जाळी फाटली, की हरणांचे कळप पायथ्याच्या शेतात उतरतात. हरभऱ्याचे शेंडे आणि शाळूचे कोंब यांवर त्यांचा विशेष जीव. सकाळी मालक शेतावर येतो तेव्हा ओळीच्या ओळी खुडलेल्या असतात. डुकरानं उकरलेली जमीन लांबूनच ओळखू येते. हरणानं खाल्लेलं पीक जवळ जाऊन, वाकून पाहावं लागतं.

राखण ही इथं नवी गोष्ट नाही. माळा बांधायचा, गोफण चालवायची, पत्र्याचा डबा बडवायचा, शेकोटी पेटती ठेवायची, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. फरक एवढाच की, पूर्वी राखण हंगामापुरती आणि पाखरांपासून असायची, घरात माणसंही पुष्कळ असायची. आता बारमाही पिकामुळे राखणही बारमाही झाली, आणि पोरं पुण्या-मुंबईला. साठीचा म्हातारा हातात बॅटरी घेऊन एकटा बांधावर, असं चित्र आहे.

एका गोळीचं गणित

बारा बोर म्हणजे काय? एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोरची नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. हीच बंदूक आपल्याकडे परवानाधारकांच्या घरात सर्वांत जास्त दिसते. कुणाकडे सिंगल बार, कुणाकडे डबल बार. आतून गुळगुळीत नळीची ही बंदूक मुळात छऱ्यांसाठी. पाखरांसाठी बारीक छरे, मोठ्या जनावरासाठी मोजके जाड छरे.

छऱ्याऐवजी एकच जड गोळी असलेलं जे काडतूस, त्यालाच बाहेर ‘स्लग’ म्हणतात. गुळगुळीत नळीतून एकटी गोळी सरळ जात नाही, भरकटते. तिला सरळ धाडण्याचा एक उपाय जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ साली काढला: गोळीच्या मागं हलका बूच जोडायचा, म्हणजे वजन पुढं राहतं आणि गोळी तोंड फिरवत नाही. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ च्या सुमारास मागून पोकळ गोळी केली. तत्त्व तेच, वजन पुढं. आजच्या बहुतेक स्लग गोळ्या या दोघांच्या वंशातल्या. साधारण अठ्ठावीस ग्रॅमचा हा शिशाचा गोळा, रायफलच्या गोळीपेक्षा कितीतरी जड.

काडतुसाच्या आत टोपी, दारू, मधला गट्टा आणि छरे किंवा गोळी, एवढाच ऐवज. मोजून चार जिन्नस. त्यामुळे पाहणाऱ्याला ते सोपं वाटतं. पण त्या चारांचं एकमेकांशी असलेलं नातं सोपं नाही. बिनधुराची दारू एका जातीची नसते; कुठली सावकाश जळते, कुठली झपाट्यानं. रंगरूपावरून त्यातली कुठलीच ओळखू येत नाही. टोपी बदलली, दारू तीच ठेवली, तरी दाब बदलतो. गट्टा थोडा घट्ट बसला तरी बदलतो. तोंड कसं दुमडलं यावरही बदलतो. युरोपातल्या मानकाप्रमाणे बारा बोरच्या नेहमीच्या काडतुसाला कमाल ७४० बारपर्यंत दाब मान्य आहे. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून हा आकडा काय आहे ते लक्षात येईल. आणि हा दाब ज्या नळीत तयार होतो, तिच्यापासून माणसाचा गाल विताच्या अंतरावर असतो.

ज्या देशांत घरी काडतुसं भरायला कायद्यानं मुभा आहे, तिथंही ती मनाला येईल तशी भरत नाहीत. दारू बनवणारे कारखाने प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते छापतात. अमुक नळी, अमुक टोपी, अमुक दारू, अमुक गट्टा, अमुक वजन. त्यातली एक गोष्ट बदलली तर तक्ता रद्द. तिथले जाणते लोक टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात, म्हणजे चुकून दुसरी दारू मिसळायला नको. इतकं करूनही बंदुका फुटतात, बोटं जातात, डोळे जातात. वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरच्या बंदुकीत पडलं, तर ते पुढं सरकून नळीत अडकतं. बंदूक रिकामी समजून मागून बारा बोरचं घातलं की नळी फाटते. या एका चुकीपायी वीस बोरची काडतुसं पिवळी रंगवायची प्रथा पडली. त्या पिवळ्या रंगामागं किती जणांची रक्तबंबाळ बोटं असतील!

शिवाय आपल्याकडच्या पुष्कळशा बंदुका आज्या-पणज्याच्या. काहींच्या नळ्या तर लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, वरून नागमोडी नक्षी दिसणाऱ्या. त्या काळ्या दारूच्या जमान्यात घडल्या. काळी दारू जळते त्याची तऱ्हा वेगळी, आजच्या बिनधुराच्या दारूची वेगळी. अशा नळीत आजचं घरी भरलेलं काडतूस घालणं म्हणजे आजोबांची आठवण आणि नातवाचा हात, दोन्ही पणाला लावणं आहे.

आणि समजा काडतूस नीट उडालं, तरी काय? छरे शंभर पावलांत दम सोडतात. एकटी जड गोळी शेकडो मीटर जाते. रात्रीच्या अंधारात, बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले म्हणून चाप ओढला. डुकराच्या पलीकडं काय आहे? गळिताच्या हंगामात कडेगावच्या शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या असतात. बीडकडून आलेली माणसं, लेकरं, बैलं, सगळी उसाच्या आडोशाला झोपलेली. उसाचा फड गोळी अडवत नाही. परक्या मुलखातली मैदानी, मोकळी शिकार आणि आपलं खेटून बसलेलं गाव-शिवार यांत हा जमीन-अस्मानाचा फरक आहे.

परवान्याची वही

आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे. त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंसुद्धा त्यात येतात. पाचव्या कलमाप्रमाणे उत्पादनाला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. राखणीसाठी म्हणून घरात बसून काडतूस भरणारा शेतकरी आणि टोळ्यांना माल पुरवणारा, दोघं एकाच कलमाखाली येतात. हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

पण याच कायद्यानं शेतकऱ्याची आठवणही ठेवली आहे. तेराव्या कलमात म्हटलंय की, किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली, तर अपात्रतेची कारणं नसतील तेव्हा परवाना द्यावा. ‘पीकसंरक्षण’ हे कारण संसदेनं थेट कायद्यात लिहून ठेवलं आहे.

सागरेश्वरच्या पायथ्याला मात्र आणखी एक कायदा उभा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३४. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकानं मुख्य वन्यजीव रक्षकाकडं नाव नोंदवायचं. आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर त्यांची आगाऊ संमती लागते. म्हणजे देवराष्ट्रे, मोहित्यांचे वडगाव अशा ज्या गावांना हरणांचा सर्वांत जास्त त्रास, तिथंच नवी बंदूक मिळणं सर्वांत अवघड. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. जंगलाच्या उंबऱ्यावर बंदुका वाढल्या तर जंगल राहत नाही. पण नियमामुळे एका माणसाच्या हातातलं साधन काढून घेतलं, तर त्याच्या पिकाची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवी, एवढं तरी न्यायाला धरून आहे.

परवानाधारकाला काडतुसांचा हिशेब चुकत नाही. एका वेळी किती घ्यायची, वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं. दुकानदार विकताना वहीत नोंद करतो, शिक्का मारतो. त्याच्या स्वतःच्या रजिस्टरात वेगळी नोंद. परवान्याला आता देशभर चालणारा ओळख क्रमांक आहे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते. घरी भरलेल्या काडतुसाला यातलं काहीच नसतं. ना शिक्का, ना नोंद, ना कारखान्याचं नाव. ते फुटलं तर जाब कुणाला विचारायचा? आणि ते भलत्याच्या अंगात घुसलं, तर जाब कोण देणार?

ज्या मातीत काडतूस मोजून वापरलं गेलं

काडतुसाच्या आत काय आहे हा प्रश्न या देशाला नवा नाही. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागे. त्याला गायीची, डुकराची चरबी लावलेली आहे, या संशयानं १८५७ चं वादळ उठलं. त्या वर्षीच्या जानेवारीतच सरकारनं शिपायांना आपल्या पसंतीचं वंगण आपल्या हातानं लावायची मुभा दिली होती. उपयोग झाला नाही. बनवणाऱ्यावरचा विश्वास एकदा उडाला की मग काडतुसाची कुठलीच तऱ्हा निर्मळ वाटत नाही. त्याच वर्षी, ८ सप्टेंबरला, साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. पुढं १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सगळा देश निःशस्त्र करून टाकला.

सप्टेंबर १९४२ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातली माणसं मामलेदार कचेऱ्यांवर तिरंगा घेऊन चालून गेली, ती रिकाम्या हातांनी. ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला मोर्च्यावर गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतरच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं, आणि कुंडलच्या जी. डी. बापू लाडांनी तुफान सेना बांधली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली गेली, त्यात कुंडलचेच कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, पुढं होते. ती लूट नव्हती, जनतेचा पैसा जनतेकडं आणला, हे ते अखेरपर्यंत ठासून सांगत. कडेगाव तालुक्यातल्या रामापूरचे गणपती बाळा यादव भूमिगतांना निरोप आणि भाकरी पोचवायचे. ते १०० वर्षांच्या उंबरठ्यावर असतानाही सायकलवर दिसत.

या लढ्याला शस्त्रं लागत, आणि ती कुठून आणली जात याची सर्वांत थरारक हकिकत आहे नाना पाटलांची मुलगी हौसाताई यांची. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर नवरा-बायकोच्या मारहाणीचं सोंग उभं केलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, आणि बाकीच्यांनी ठाण्यातल्या बंदुका उचलल्या. पुढं गोव्यातून शस्त्रं आणणारा एक साथी पोर्तुगीजांच्या तुरुंगात अडकला, तेव्हा त्या तिकडे गेल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात खोचून तुरुंगात पोचवली, शस्त्रांची व्यवस्था लावली आणि परतताना मांडवीचं पात्र एका पेटीच्या आधारानं तरंगत पार केलं. २०२१ साली त्या गेल्या.

कुठून ओढून, कुठून पळवून, नदी पार करून आणलेलं प्रत्येक काडतूस. त्यातलं एकही हौसेखातर उडवायचं नव्हतं. शस्त्र एकट्याचं नव्हतं, चळवळीचं होतं. ते वापरण्याआधी विचारावं लागे, वापरल्यावर सांगावं लागे. इथल्या शस्त्राच्या परंपरेत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. बंदुकीच्या बढाया या मातीतल्या नव्हेत, हिशेब या मातीतला आहे.

योगायोग असा की, याच चळवळीत वावरलेले देवराष्ट्र्याचे यशवंतराव २१ नोव्हेंबर १९६२ रोजी देशाचे संरक्षणमंत्री झाले. चीनच्या आक्रमणानं दारूगोळ्याची टंचाई उघडी पडली होती. त्याच महिन्यात संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग सुरू झाला, आणि पुढं जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना उभा राहिला. खडकीचा कारखाना तर १८६९ पासूनचा. आज तो पुण्यातच मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीचा भाग आहे. देशातल्या परवानाधारकांना ओळखीचं असलेलं ‘शक्तिमान’ हे बारा बोरचं काडतूस खडकीचंच. ज्या कारखान्यानं इंग्रजांसाठी गोळ्या ओतल्या, तो लोकांचा झाला; आणि लोकांच्या वतीनं त्याला जाब विचारायची जबाबदारी कडेगावच्या मातीतल्या माणसाकडं आली. स्वातंत्र्याचा हाही एक अर्थ आहे.

कोकणातली ठासणी

घरी, स्वतःच्या हातानं, कायदेशीरपणे बंदूक भरण्याची परंपरा महाराष्ट्रात पाहायची असेल तर घाट उतरून कोकणात जावं लागतं. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका अजून पुष्कळ आहेत. केळी, माड, भात आणि बागायत यांना वानर-माकडं आणि डुकरं यांचा जो उपद्रव आहे, त्यापुढं माणूस हतबल होतो. ठासणीच्या बंदुकीला काडतूस नाही. तोंडाकडून काळी दारू ओतायची, वर गुंडाळी, मग छरे, पुन्हा गुंडाळी, आणि गजानं ठासायचं. शेवटी मागच्या बाजूला टोपी. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

या संथपणातच तिची शिस्त आहे. भरायला वेळ लागतो, म्हणून उगाच उडवली जात नाही. पल्ला बेताचा, त्यामुळे जनावर दिसेपर्यंत थांबावं लागतं. पुष्कळदा नुसता आवाज केला तरी काम भागतं. कायद्यानं पीकसंरक्षणासाठी नेमकी हीच बंदूक का निवडली, याचं उत्तर तिच्या मंद चालीत सापडतं. दारूसुद्धा परवान्यावरच घ्यावी लागते, तिचीही नोंद असते. म्हणजे हातानं भरणं आणि हिशेब देणं या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. पण ते ठासणीपुरतंच. काडतुसाचा दाब आणि काडतुसाचा पल्ला दोन्ही निराळे, म्हणून त्याचा कायदाही निराळा.

तिथलंही दुखणं आहेच. निवडणुका आल्या की बंदुका ठाण्यात, आणि माकडं बागेत. खरं तर कुणाची शस्त्रं जमा करायची हे छाननी समितीनं एकेक प्रकरण पाहून ठरवायचं असतं, सरसकट नव्हे. गुन्ह्याचा डाग नसलेल्या शेतकऱ्याला सरसकट नोटीस धाडणं सोपं असतं, एवढ्यासाठी ती धाडली जाऊ नये.

उपाय म्हणून आलेले अपाय

बंदूक नाही, भरपाई नाही, अशा कोंडीत माणूस कशाचाही आधार घेतो. कुणी कुंपणात वीज सोडतो. डुकरासाठी सोडलेल्या त्या तारेला बांधावरून जाणारा शेजारी चिकटतो, कधी घरचाच मुलगा. कुणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक लपवून टाकतो. डुक्कर ते खाईल न खाईल, चरायला गेलेली गाय मात्र खाते आणि जबडा फाटून तडफडत राहते. अलीकडं माकडं हाकायला म्हणून कार्बाइडच्या नळ्या आल्या. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पोरांनी त्यांचा फटाक्यासारखा खेळ केला आणि कित्येकांच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. प्रत्येक आईबापानं हे ध्यानात ठेवावं.

घरी भरलेलं काडतूस याच रांगेतलं आहे. ते करणारा माणूस दुष्ट नसतो, पुष्कळदा तो गावातला सर्वांत कसबी माणूस असतो. मोटार दुरुस्त करणारा, पंप जोडणारा, कुठल्याही यंत्राला हात घालणारा. त्याच्या हुशारीबद्दल मला आदरच आहे. पण जी वस्तू तपासायचं कुठलंच साधन घरात नाही, ती बनवताना हुशारी कामी येत नाही. पहिली तपासणी चाप ओढल्यावर होते, आणि ती शेवटचीही ठरू शकते.

हिशेब दोन्ही बाजूंनी

मग करायचं काय? वाटा आहेत, आणि त्या कागदावर तरी मोकळ्या आहेत. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांनी पिकाचं नुकसान केलं तर त्यांच्या शिकारीची परवानगी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर देता यावी, असा निर्णय महाराष्ट्र शासनानं २०१५ साली घेतला. हरणांतल्या काळविटाचं तसं नाही. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पिकासाठी त्याला मारता येत नाही. नुकसानभरपाईसाठी तीन दिवसांच्या आत तक्रार करायची, मग महसूल, कृषी आणि वन या खात्यांचे कर्मचारी मिळून पंचनामा करतात. संरक्षित क्षेत्राभोवतालच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान मिळतं. हे कुंपण झटका देऊन जनावर परतवतं, जीव घेत नाही.

कागदावरून बांधावर यायला मात्र या योजनांना फार वेळ लागतो. तीन दिवसांची मुदत शेतकऱ्याला आहे, ती तो पाळतो. तिघांनी एकत्र यायचं ते कधी जमतं, याची वाट त्याला पाहावी लागते. तोवर पीक काढायचं की पुरावा म्हणून तसंच ठेवायचं? हरणांनी निम्मं खाल्लेलं रान उरलेल्या निम्म्यासाठी राखायचं, की पंचनाम्यासाठी? ज्याच्या घरात एकच माणूस आहे, त्याला हा प्रश्न रोज रात्री पडतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. परवानाधारक शेतकरी एकेका काडतुसाचा हिशेब देतो, तो त्यानं द्यावाच. घरी काडतूस भरून तो हिशेब मोडू नये. त्यात त्याचा हात, त्याचा डोळा, शेजारच्या फडात झोपलेलं परक्याचं लेकरू आणि उरलेलं आयुष्य, सगळं पणाला लागतं. पण अभयारण्याभोवतीच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात ज्या सरकारनं बंदुकीवर हात ठेवला आहे, त्यानंही त्याच पट्ट्यातल्या पिकाचा हिशेब तितक्याच काटेकोरपणे द्यावा. जाळी कुठं फाटली आणि कधी शिवली, तक्रारी किती आल्या, पंचनामे किती दिवसांत झाले, पैसे किती जणांच्या खात्यात पडले, हे गावाच्या चावडीवर दर महिन्याला लावावं. दुकानदाराला काडतुसांचं रजिस्टर ठेवता येतं, तर वनखात्याला नुकसानीचं ठेवता येणं अवघड नाही.

आणि गावानंही राखण पुन्हा आपली मानावी. पाण्याच्या पाळ्या ठरवता येतात, तशा राखणीच्या पाळ्या ठरवता येतील. एका शिवाराला एकच सलग सौर कुंपण, एकच अर्ज, एकच पाठपुरावा. प्रत्येकानं आपल्या तुकड्याभोवती स्वतंत्र तार ओढली तर जनावर शेजाऱ्याकडं वळतं, प्रश्न सुटत नाही. शेणोलीला गाडी अडवणाऱ्या आणि टेंभूचं पाणी डोंगर चढवून आणवणाऱ्या या मुलखाला एकत्र येणं शिकवावं लागत नाही. ज्या माणसाला अंधारात एकट्यानं उभं राहावं लागत नाही, त्याला घरात बसून काडतूस भरावंसंही वाटणार नाही.